हवाई माइल्सचं क्रेडिट कार्ड परवडतं का? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवाई माइल्स म्हणजे कार्डावरच्या खर्चामागे जमणारे आणि विमान तिकिटासाठी वापरता येणारे पॉइंट्स. खालच्या हिशेबांत एक नमुना कार्ड धरलं आहे: वार्षिक फी ५,००० रुपये, साध्या खर्चावर दर १०० रुपयांना २ पॉइंट्स, विमान तिकिटांवर ४ पॉइंट्स, दरवर्षी एका देशांतर्गत तिकिटाचं व्हाउचर आणि विमानतळावरच्या लाउंजमध्ये (विमानाआधी बसायची, खाण्यापिण्याची जागा) प्रवेश. हे कोणत्याही ठरावीक बँकेचं कार्ड नाही. तुमच्या कार्डाचे आकडे त्या जागी घाला, रीत तीच राहील.

एअरलाइनचं को-ब्रँडेड कार्ड आणि बँकेचं ट्रॅव्हल कार्ड, यांत फरक काय?

को-ब्रँडेड, म्हणजे बँक आणि एअरलाइनने मिळून काढलेल्या कार्डाचे पॉइंट्स दर महिन्याला थेट एअरलाइनच्या खात्यात जाऊन पडतात. ट्रॅव्हल कार्डाचे पॉइंट्स बँकेकडेच राहतात. ते हवे तेव्हा, हव्या त्या एअरलाइनकडे वळवायची मोकळीक तुमच्याकडे असते. सारख्याच फीत दोन्ही मिळत असतील तर आमचा कल दुसऱ्याकडे आहे, आणि त्याला कारण आहे. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली. तिचा माइल्सचा कार्यक्रम वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे माइल्स बुडाले नाहीत, पण ज्या विमानासाठी ते साठवले ते विमानच उरलं नाही. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, क्लब विस्ताराचे पॉइंट्स एअर इंडियाच्या कार्यक्रमात गेले आणि विस्ताराच्या नावाची कार्डं गुंडाळली गेली. पाच-पाच वर्षं माइल्स साठवायचे असतील तर एकाच एअरलाइनवर सगळी भिस्त ठेवणं जोखमीचं आहे.

फी ५,००० लिहिली आहे. प्रत्यक्षात किती जातात?

५,९००. फीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि जाहिरातीत तो बारीक अक्षरांत असतो. काही बँका पॉइंट्स वटवताना दर वेळी ९९ रुपये आणि वर जीएसटी घेतात. ॲड-ऑन कार्ड (घरच्यांसाठीचं जोडकार्ड) कुठे फुकट, कुठे नाही.

‘वर्षाला इतका खर्च केलात तर फी माफ’ ही अट असेल तर आणखी एक गोष्ट विचारून घ्या: फी माफ झाली तर त्या वर्षीचं तिकीट-व्हाउचर मिळतं का? बऱ्याच कार्डांत व्हाउचर हे फी भरल्याचंच बक्षीस असतं. फी माफ झाली की व्हाउचरही गेलं. आणि माफीच्या हिशेबात कोणते खर्च धरतात हेही पाहा. पेट्रोल आणि घरभाडं त्यातून वगळलेलं असू शकतं.

एका पॉइंटची किंमत कशी काढायची?

बँकेने सांगितलेली किंमत बाजूला ठेवा. तुम्ही खरोखर जाता तोच मार्ग आणि खरोखर जाता तीच तारीख घ्या. समजा मुंबई-नागपूर. एअरलाइनच्या साइटवर त्याच विमानाचं रोख भाडं पाहा, समजा ५,६०० रुपये. मग तेच तिकीट पॉइंट्सवर पाहा, समजा ९,००० पॉइंट्स आणि वर ९०० रुपये कर व शुल्क. आता ५,६०० मधून ९०० वजा करा, उरले ४,७००. त्याला ९,००० ने भागा. एक पॉइंट साधारण ५२ पैशांना पडला.

लोक चुकतात ते ९०० रुपये वजा करायला विसरतात तिथे. पॉइंट्सचं तिकीट म्हणजे फुकट तिकीट नव्हे, विमानतळाचं शुल्क आणि कर खिशातूनच जातात. परदेशी मार्गांवर काही एअरलाइन्स पॉइंट्सच्या तिकिटावरही इंधन अधिभार लावतात. तिथे रोख भरायची रक्कम इतकी फुगते की ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ अशी गत होते.

ही आकडेमोड किमान तीन तारखांसाठी करा: एक मे महिन्यातली, एक दिवाळीच्या आसपासची, एक साध्या मंगळवारची. रोख भाडं रोज हलतं. पॉइंट्सचा दर काही कार्यक्रमांत ठरलेल्या तक्त्यावर चालतो, तर काहींत तोही भाड्याबरोबर वरखाली होतो. तक्ता ठरलेला असेल तर गर्दीच्या तारखेला पॉइंटला जास्त मोल येतं, अर्थात जागा मिळाली तर.

पूर्ण हिशेब एकदा मांडून दाखवाल का?

घोडबंदर रोडवरचं चार जणांचं कुटुंब धरू. कार्डावर वर्षाला ६ लाखांचा खर्च. त्यातले पेट्रोल ४८,०००, वीज-गॅस ४२,०००, विम्याचे हप्ते ५०,००० आणि सोसायटीचा मेंटेनन्स ४०,००० असे १ लाख ८० हजार पॉइंट्सच्या यादीबाहेर गेले. उरले ४ लाख २० हजार. त्यांतली विमान तिकिटं ६०,००० ची.

साध्या ३ लाख ६० हजारांवर ७,२०० पॉइंट्स, तिकिटांवर २,४००, एकूण ९,६००. पॉइंट ५२ पैशांचा धरला तर ४,९९२ रुपये. व्हाउचर खरोखर वापरलं तर त्याचे ४,००० (व्हाउचर बहुधा मूळ भाड्यापुरतं असतं, कर वेगळे). लाउंजच्या चार फेऱ्यांना फेरीमागे ३०० रुपये, म्हणजे १,२००. बेरीज १०,१९२. फीचे ५,९०० वजा केले की हातात ४,२९२.

बरं, म्हणजे फायदा झाला? शून्याशी तुलना केली तर झाला. पण कार्ड नसतं तर हे कुटुंब काही रोखीने व्यवहार करणार नव्हतं, दुसरं कार्ड वापरलं असतं. सरसकट १.५ टक्का कॅशबॅक देणारं, ५०० रुपये फीचं कार्ड त्याच ४ लाख २० हजारांवर ६,३०० रुपये देतं. जीएसटीसकट ५९० रुपये फी वजा जाता ५,७१० उरतात. म्हणजे माइल्सचं कार्ड या घराला वर्षाला १,४१८ रुपयांनी महाग पडतं, तेही व्हाउचर आणि लाउंज पुरेपूर वापरून. व्हाउचर वापरायचं राहून गेलं तर खड्डा साडेपाच हजारांच्या घरात जातो.

हे चित्र उलटायला काय लागेल? या घराला पॉइंट किमान ६७ पैशांना वटला पाहिजे. आणि साध्या खर्चापुरतं बोलायचं तर ७५ पैसे ही सीमारेषा आहे, कारण १०० रुपयांवर २ पॉइंट्स म्हणजे तेव्हाच दीड रुपया होतो. पॉइंट त्याहून स्वस्त असेल तर किराणा-कपड्यांचा जितका खर्च या कार्डावर वळवाल तितकं कॅशबॅकच्या मागे पडाल. ‘जास्त वापरा, जास्त कमवा’ हे त्या स्थितीत सरळ खोटं ठरतं. तेव्हा फक्त तिकिटांसाठी हे कार्ड आणि बाकी सगळ्याला कॅशबॅक, अशी वाटणी करावी.

पण बिझनेस क्लासला पॉइंटची किंमत दुप्पट होते म्हणतात…

होते. परदेशी बिझनेस क्लासला पॉइंट १ रुपया २० पैशांनाही पडू शकतो. मग त्याच ९,६०० पॉइंट्सचे ११,५२० रुपये होतात आणि कार्ड कॅशबॅकला सहज मागे टाकतं.

आता व्यवहाराचं बोलू. अशा तिकिटाला समजा ६०,००० पॉइंट्स लागतात. वर्षाला ९,६०० जमतात, म्हणजे सहा वर्षांहून जास्त. पॉइंट्सची मुदत मात्र अनेक कार्यक्रमांत तीन वर्षांच्या आसपास असते (सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये ३६ महिने). शिवाय त्या सहा वर्षांत तक्ता एकदा तरी महाग होणार हे गृहीत धरा. म्हणून वर्षाला १०-१२ लाखांचा पात्र खर्च नसलेल्या घराने बिझनेस क्लासच्या हिशेबावर कार्ड घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आणखी एक: जे तिकीट तुम्ही रोखीने कधीच घेतलं नसतं, त्याच्या छापील भाड्यावरून पॉइंटची किंमत काढणं म्हणजे स्वतःचीच समजूत घालणं.

कोणत्या खर्चावर पॉइंट्स मिळत नाहीत?

यादी कार्डागणिक बदलते, पण नेहमीची नावं अशी: पेट्रोल-डिझेल, वॉलेट भरणं, घरभाडं, सरकारी भरणा, ईएमआय व्यवहार, आणि आता वाढत्या प्रमाणात विमा, वीज-पाणी आणि शिक्षण. महावितरणचं बिल, महानगर गॅस, ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेचा मालमत्ता कर, हे सगळे या कप्प्यांत पडतात. काही कार्डं यांवर पॉइंट्स देतात, पण महिन्याची मर्यादा घालून. पेट्रोलवर १ टक्का अधिभार माफ होतो, ती वेगळी सवलत आहे. तिला पॉइंट्स समजू नका.

ठरवतं कोण? दुकानाच्या मशीनला बँकेने दिलेला व्यवसायाचा कोड. दुकानात काय विकतात याला महत्त्व नाही. त्यामुळे गोंधळ होतात. सोसायटीचा मेंटेनन्स एखाद्या ॲपवरून भरला तर तो घरभाड्याच्या किंवा युटिलिटीच्या कोडखाली जाऊ शकतो आणि वर सुविधा शुल्कही लागतं. तिकीट एअरलाइनच्या साइटवर न काढता ट्रॅव्हल एजंटकडून काढलं तर ४ ऐवजी २ पॉइंट्स पडतात. मोठा खर्च करण्याआधी त्याच ठिकाणी १००-२०० रुपयांचा व्यवहार करून पुढच्या स्टेटमेंटमध्ये पॉइंट्स आले का ते बघा. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर क्यूआर कोडवरच्या व्यवहारांना पॉइंट्सचा दर वेगळा असू शकतो, तोही तपासा.

माइलस्टोन बोनससाठी खर्च वाढवावा का?

समजा ५ लाखांच्या पात्र खर्चावर ५,००० पॉइंट्सचा बोनस आहे आणि वरचं कुटुंब ४ लाख २० हजारांवर अडकलं आहे. बोनसची किंमत ५२ पैशांनी २,६०० रुपये. उरलेले ८०,००० रुपये जर असेही होणारच होते, म्हणजे फ्रिज बदलायचा होता किंवा मे महिन्याची तिकिटं काढायची होती, तर ते वर्ष संपायच्या आत उरका. नुसत्या बोनससाठी खरेदी काढली तर २,६०० मिळवायला ८०,००० घालवले.

वर्ष कधी संपतं हे मात्र नीट पाहा. ते जानेवारी-डिसेंबर असेलच असं नाही. बऱ्याचदा कार्ड मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात. मार्चअखेर समजून थांबलेल्यांचा बोनस थोडक्यात हुकतो. तिकीट रद्द होऊन परतावा आला तर तेवढा खर्च आणि त्याचे पॉइंट्स वजा होतात, म्हणून उंबरठ्याच्या पाच-सात हजार पुढे राहा.

लाउंज खरंच फुकट असतो का?

अटीवर. अनेक बँकांनी आता आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच प्रवेश ठेवला आहे. ऑक्टोबरात प्रवास असेल तर जुलै-सप्टेंबरचा खर्च मोजला जातो. देशांतर्गत लाउंजमध्ये कार्ड स्वाइप करताना २ रुपयांसारखी किरकोळ रक्कम कापतात, ती पडताळणीची. सोबतच्या माणसाला, कधी कधी ॲड-ऑन कार्डवाल्यालाही, पूर्ण दर लागतो. हिशेबात लाउंजची छापील किंमत धरू नका. लाउंज नसता तर विमानतळावर तुम्ही जेवढा चहा-नाश्ता घेतला असता, तेवढीच त्याची किंमत. डबा घेऊन निघणाऱ्यांनी इथे शून्य लिहावं.

नवी मुंबई विमानतळामुळे कार्डाची निवड बदलते का?

बदलते, आणि पनवेल, खारघर, उलवे, नेरूळ इथल्यांसाठी बरीच. या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उडू लागली. सुरुवात इंडिगो, एअर इंडिया एक्सप्रेस, अकासा अशा कंपन्यांनी केली. तुमच्या गावाला किंवा मुलाच्या कॉलेजच्या शहराला घराजवळच्या विमानतळावरून जी एअरलाइन जाते, तिचे माइल्स कामाचे. पॉइंट्स वापरण्यासाठी खारघरहून सांताक्रूझ-अंधेरीकडे टॅक्सी करून जाणार असाल तर ते जादा भाडं तिकिटाच्या बचतीतून वजा करा. एकाच समूहाच्या दोन एअरलाइन्स असल्या तरी पॉइंट्स दोन्हीकडे सारखेच मिळतात आणि वटतात असं गृहीत धरू नका.

ठाण्याचं गणित वेगळं आहे. माजिवडा-घोडबंदरकरांना पवईमार्गे मुंबईचं टर्मिनल-२ गाठणं बहुधा सोपं. कळवा-ऐरोलीच्या लोकांना ठाणे-बेलापूर रस्त्याने नवी मुंबईही सोयीची पडू शकते. १५ ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोली, मुलुंड, वाशीच्या नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही, त्यामुळे तो खर्च दोन्हीकडून गेला. अटल सेतूचा टोल आहे, पण ठाण्याहून जाताना तो वाटेतच येत नाही.

तिकीट शोधताना ‘मुंबई’ टाकलं की काही साइट्स दोन्ही विमानतळ एकत्र दाखवतात. जाताना एक आणि येताना दुसरा निवडला गेला तर पार्किंगमध्ये ठेवलेली गाडी खाडीपल्याड राहील. आणि लाउंजची यादी विमानतळाच्या व टर्मिनलच्या नावाने पाहा. यादीतलं ‘मुंबई’ म्हणजे नवी मुंबईसुद्धा, असं नसतं.

परदेशात हे कार्ड वापरावं का?

मार्कअप, म्हणजे परकी चलनातल्या खर्चावर बँक लावते ते शुल्क, पाहून ठरवा. ३.५ टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. एक लाखाच्या खर्चावर ४,१३० रुपये गेले आणि २,००० पॉइंट्स, म्हणजे १,०४० रुपये आले. मार्कअप नसलेलं किंवा कमी असलेलं कार्ड परदेशासाठी वेगळं ठेवा. तिथल्या मशीनवर ‘रुपयांत भरायचं का’ असं विचारलं तर नाही म्हणा आणि तिथल्याच चलनात भरा. रुपयांचा तो दर दुकानाच्या बाजूने लावलेला असतो आणि त्यावरही काही बँका शुल्क घेतात.

एखाद्या महिन्यात पूर्ण बिल भरलं नाही तर?

तर माइल्सचा विषय तिथेच संपतो. ४०,००० च्या बिलापैकी किमान रक्कम म्हणून २,००० भरले, व्याज महिन्याला ३.७५ टक्के. व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं, त्यामुळे ढोबळमानाने पहिल्याच महिन्यात १,५०० व्याज आणि २७० जीएसटी, मिळून १,७७०. त्या ४०,००० वर मिळालेले ८०० पॉइंट्स ४१६ रुपयांचे. एका महिन्याच्या व्याजात चार महिन्यांचे पॉइंट्स गेले. वर, थकबाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, अगदी दुधाच्या पिशवीलाही. व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा आहे असं अजून कुणी सांगत असेल तर ती मर्यादा घालणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला आहे.

पूर्ण बिलाचा ऑटो-डेबिट लावा. फॉर्मवर ‘किमान रक्कम’ आणि ‘पूर्ण रक्कम’ असे दोन पर्याय असतात, तिथे घाईत चुकीची खूण पडते.

पॉइंट्स आहेत, पण तिकीटच मिळत नाही!

पॉइंट्सवर ठेवलेल्या जागा मोजक्या असतात आणि गणपती, दिवाळी, मेची सुट्टी या काळात त्या आधी संपतात. क्रम असा ठेवा: आधी एअरलाइनच्या साइटवर जागा दिसते का पाहा, मग बँकेचे पॉइंट्स वळवा. उलटं करू नका, कारण वळवलेले पॉइंट्स परत येत नाहीत आणि वळवायला काही तासांपासून काही दिवस लागतात. तेवढ्यात जागा गेली तर पॉइंट्स तिथे अडकतात आणि मुदतीचं घड्याळ सुरू होतं. पहिल्यांदा करताना कमीत कमी पॉइंट्स वळवून पाहा. बँकेतलं नाव आणि एअरलाइनच्या खात्यातलं नाव जुळलं पाहिजे. एकीकडे वडिलांचं नाव मध्ये आणि दुसरीकडे नाही, लग्नानंतर आडनाव एकीकडेच बदललेलं, यामुळे विनंत्या परत येतात. रद्द करण्याचं शुल्कही आधीच वाचा.

कार्डासोबतच्या प्रवास विम्यावर अवलंबून राहावं का?

नाही. तिकीट त्याच कार्डाने काढलेलं हवं, अलीकडच्या काळात कार्ड वापरलेलं हवं, अशा अटी असतात आणि संरक्षण बहुतेक वेळा विमान अपघातापुरतं. परदेशातला दवाखान्याचा खर्च त्यात धरू नका, वेगळी पॉलिसी घ्या.

मित्रांची, ऑफिसची तिकिटं माझ्या कार्डावर काढली तर चालेल?

थोडीफार चालतात. पण आर्थिक वर्षात कार्डाचं बिल रोखीत १ लाख किंवा इतर मार्गांनी १० लाख रुपयांपर्यंत गेलं की बँक ते आयकर खात्याला कळवते. पैसे ज्यांच्याकडून परत आले त्यांची नोंद बँक खात्यात दिसेल असं ठेवा. व्यवसायाचा खर्च वैयक्तिक कार्डावर सतत दिसला तर बँक पॉइंट्स गोठवू शकते.

वर्षभराने परवडत नाही असं दिसलं. बंद कसं करायचं?

नव्या वर्षाची फी लागण्याआधी महिनाभर हालचाल सुरू करा. आधी फोन करून फी माफ करता का विचारा. पुष्कळदा माफी किंवा निम्मी सूट मिळते, नाहीतर त्याच बँकेच्या बिनफीच्या कार्डावर बदलून मिळतं. त्याने खात्याचा जुना इतिहास टिकतो आणि सिबिल स्कोअरला धक्का कमी बसतो.

बंदच करायचं असेल तर बँकेकडचे पॉइंट्स आधी वटवा, कार्ड बंद होताच ते जातात. एअरलाइनच्या खात्यात पोचलेले राहतात. कार्डावर चालू असलेले ऑटो-पे दुसरीकडे हलवा, सगळी बाकी शून्य करा आणि विनंती ईमेलने किंवा ॲपमधून करा म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. बाकी नसेल तर बँकेने कामाच्या ७ दिवसांत कार्ड बंद केलं पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. उशीर झाला तर खातं बंद होईपर्यंत दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. लेखी तक्रारीवर ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला शुल्क नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. सोबत बंद करण्याच्या विनंतीची पोच, शेवटचं स्टेटमेंट आणि बँकेला पाठवलेली तक्रार जोडा.